कशेळी ते आंबोळगड: कातळाच्या किनाऱ्याबद्दल बडोदेकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग अशा भागांतल्या मराठी घरांतून कोकणाबद्दल विचारणा सुरू होते. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या चार-पाच पिढ्या गुजरातेत गेल्या. त्यामुळे कोकण म्हटलं की गणपतीपुळे, हापूस आणि माडांची रांग एवढंच डोळ्यांसमोर येतं. माझा जीव मात्र रत्नागिरीच्या दक्षिणेच्या एका उघड्या, खडकाळ टापूवर जडला आहे. तिथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हा किनारा नेमका आहे कुठे?

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात. रत्नागिरी शहरातून भाट्ये, पावस, पूर्णगड असं सागरी मार्गानं दक्षिणेकडे निघायचं. मुचकुंदीची खाडी ओलांडली की गावखडी लागतं. मग कशेळी, आडिवरे, वेत्ये, नाटे आणि टोकाला आंबोळगड. त्यापुढे जैतापूरची खाडी आडवी येते आणि पलीकडे माडबन दिसतं.

या पट्ट्यात लांबच लांब वाळू फार थोड्या ठिकाणी आहे. जांभ्या दगडाचं सपाट पठार, ज्याला इथले लोक सडा म्हणतात, ते थेट समुद्रापर्यंत येतं आणि कड्यानं तुटतं. दोन कड्यांच्या मध्ये जिथे ओढा उतरतो, तिथे एखादी लहान पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा असतो. गावं बहुतेक खाली, झाडीत दडलेली. वर सड्यावर उभं राहिलं तर खाली एवढी वस्ती आहे याचा पत्ताही लागत नाही.

बडोद्याहून कसं जायचं?

रेल्वे सर्वात सोयीची. ओखा–एर्नाकुलम, गांधीधाम–नागरकोइल, हापा–मडगाव अशा गाड्या बडोदा, सुरत, वसईमार्गे कोकण रेल्वेवर जातात आणि रत्नागिरीला थांबतात. यातली कुठलीच रोज नाही, त्यामुळे वार पाहून आधी आरक्षण करा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही तपासा. रत्नागिरीहून एसटी आहे, पण सड्यावर फिरायचं तर स्वतःचं किंवा भाड्याचं वाहन हवं.

कोणत्या महिन्यात जावं?

तुम्हाला काय बघायचं आहे त्यावर हे ठरतं. सड्याला त्याचं स्वतःचं पंचांग आहे.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर कातळाच्या भेगांतून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही कोकण दीपकाडी जगात फक्त याच भागातल्या कातळांवर उगवते आणि तिचा बहर लवकर सरतो. जुलै-ऑगस्टमध्ये सडा पाण्यानं भरलेला असतो, वारा उभं राहू देत नाही आणि कड्याच्या जवळ जाणं धोक्याचं. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर फुलांचे गालिचे. ऑक्टोबरात गवत पिवळं पडतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत, हवा स्वच्छ, पाहुणे पक्षी आलेले, कासवांची अंडी घालण्याची वेळ. मार्च-एप्रिलमध्ये कासवांची पिल्लं. मे महिन्यात कातळ एवढा तापतो की दुपारी बारा ते चार सड्यावर जाऊच नये.

आपल्या शाळांच्या सुट्ट्यांत बसवायचं तर दिवाळीची सुट्टी उत्तम. पण मला एकच महिना निवडायला सांगितला तर मी सप्टेंबर सांगेन. गणपतीला गावी जाणाऱ्यांनी दोन दिवस जास्त काढावेत.

फोटोत तर नुसता काळा, ओसाड दगड दिसतो. त्यात बघायचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि याचं उत्तर लांबलचक द्यायला मला आवडतं.

सड्यावर माती अगदी थोडी. कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे बडोद्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक, आणि तो सगळा चार महिन्यांत. एवढं पाणी मातीतलं नत्र आणि इतर पोषणद्रव्यं धुऊन नेतं. नंतरचे आठ महिने थेंब नाही, आणि उन्हाळ्यात दगडावर पाय ठेववत नाही. अशा जागी मोठं झाड तगत नाही. तगतात त्या छोट्या वनस्पती, ज्यांनी आपलं सगळं आयुष्य या चार महिन्यांत बसवलं आहे.

नत्र मातीतून मिळत नाही म्हणून काहींनी ते किड्यांतून मिळवायची सोय केली. सीतेची आसवं ही निळी-जांभळी नाजूक फुलं तुम्ही साताऱ्याजवळच्या कास पठाराच्या फोटोंत पाहिली असतील. त्यांच्या मुळांसारख्या दिसणाऱ्या धाग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे फुगे असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी लागला की झडप उघडते आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो. दवबिंदू ही दुसरी. तिच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात. किडा बसला की अडकतो आणि तिथेच पचवला जातो. या दोघींच्या आसपास गेंदाची पांढरी बटणं, कवल्याची पिवळी फुलं, तेरड्याचा गुलाबी रंग. गुडघे टेकून, नाक कातळाजवळ नेऊन बघितलं तरच हे दिसतं. गाडीतून उतरून दोन सेल्फी काढणाऱ्याला सडा काहीच दाखवत नाही.

खळग्यांत साठलेल्या पाण्यात बेडकांची पिल्लं वाढत असतात आणि त्यांना खायला बगळे टपलेले असतात. सुट्या दगडांखालीही बिऱ्हाडं आहेत. गावखडीच्या जवळच्या डोर्ले गावातून १९६३ मध्ये एका लहानशा पट्टेरी पालीची शास्त्रज्ञांनी नव्यानं नोंद केली. तिचं शास्त्रीय नाव हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस. ती रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या या कातळपट्ट्यात, दगडांच्या खाली राहते आणि अंडीही तिथेच घालते. म्हणून माझी पहिली विनंती हीच असते की सड्यावरचे दगड उलटवू नका, त्यांचे मनोरे रचू नका. तो दगड कुणाचं तरी छप्पर आहे.

उन्हाळ्यात, जेव्हा सडा खरोखर निर्जीव वाटतो, तेव्हा टिटव्या उघड्या दगडावर अंडी घालतात. अंडी खड्यांच्या रंगाची असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर आल्या पावली मागे फिरा. मलबारी चंडोल हा तुरेवाला छोटा पक्षीही इथेच भेटतो. तो उडताना गातो, आणि गातानाच वर वर चढत जातो.

हा लाल दगड आला कुठून? आणि कडे एवढे उभे का?

खाली आहे तो दख्खनचा काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्यावर उष्ण आणि अतिपावसाच्या हवेचा दीर्घकाळ परिणाम होत राहिला. पाण्यानं सिलिका वाहून नेली आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. तोच जांभा. लोखंडामुळे लाल, आणि आतून सच्छिद्र. जमिनीखालून काढताना तो त्यामानानं मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. त्यामुळेच चिरे कापून घरं बांधता येतात. नाट्याचा यशवंतगड याच दगडात बांधला आहे.

या सच्छिद्रपणाचा मोठा उपकार आहे. सड्यावर पडलेलं पाणी दगडात मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि पठाराच्या पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येतं. खालच्या गावांच्या विहिरी आणि पाटाचं पाणी वरच्या त्या 'ओसाड' दगडावर अवलंबून आहे.

कडे उभे आहेत याचं कारण वरचा कडक थर टिकतो आणि लाटा खालून पोखरतात. पाया सुटला की वरचा भाग सरळ तुटून खाली येतो. भेगेच्या रेषेनं समुद्र आत घुसतो तिथे घळी आणि गुहा तयार होतात. हे काम आजही चालू आहे. म्हणूनच कड्याच्या अगदी कडेला उभं राहू नये: वरून भक्कम दिसणाऱ्या दगडाखाली पोकळी असू शकते.

कशेळीच्या देवघळीचा आपल्या गुजराताशी काही संबंध आहे, असं ऐकलं. खरं का?

परंपरा तशी सांगते. कशेळीला कनकादित्याचं, म्हणजे सूर्याचं देऊळ आहे. ही मूर्ती काठेवाडातल्या प्रभासपाटणहून जहाजातून दक्षिणेकडे नेत होते. कशेळीच्या समोर जहाज अडलं, काही केल्या पुढे जाईना, तेव्हा मूर्ती किनाऱ्यावरच्या कड्यातल्या गुहेत ठेवली गेली. पुढे कनका नावाच्या भक्त बाईनं गावकऱ्यांच्या मदतीनं ती गावात आणून स्थापन केली, अशी कथा. ती गुहा जिथे आहे ती जागा देवघळी. रथसप्तमीला देवळात पाच दिवसांचा उत्सव असतो.

देवघळी पाहायला मात्र कथेचीही गरज नाही. सड्यावरून चालत गेलात की जमीन अचानक संपते आणि खाली दोन्ही बाजूंच्या कड्यांत कोंडलेला समुद्र दिसतो. आत एक छोटी पुळण. संध्याकाळी पश्चिमेचा उजेड कड्यावर पडला की जांभा पेटल्यासारखा लाल होतो. शनिवार-रविवारी आता गर्दी होते. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

भरती-ओहोटी कावी-कंबोईसारखी असते का?

कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेव दिवसातून दोनदा पाण्याखाली जातात ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. खंभातच्या आखातात पाणी चिंचोळ्या जागेत कोंडलं जातं, त्यामुळे भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो. रत्नागिरीच्या उघड्या किनाऱ्यावर तो उधाणाला सुद्धा साधारण दोन-तीन मीटर.

पण म्हणून इथला समुद्र सौम्य समजू नका. आखातात पाणी पसरत येतं, इथे ते उसळून येतं. लाटा थेट अरबी समुद्रातून येऊन खडकावर आदळतात. पाच मिनिटं शांत गेल्यावर एकदम मोठी लाट येऊन खडकावरची माणसं ओढून नेते, अशा दुर्घटना कोकणात दरवर्षी घडतात. ओला, शेवाळलेला खडक म्हणजे लाट तिथपर्यंत येते याची खूण. कोरड्या खडकावरच बसा आणि पाठ समुद्राकडे करू नका.

वेळ काढायची जुनी रीत अशी: तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. तास-दीड तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे मोबाइलवर भरतीचं कोष्टक बघून खात्री करा आणि गावातल्या कोळ्यांना विचारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सर्वात मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वात लहान. खडकांतले जीव पाहायचे असतील तर उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वात मागे जातं. माझ्या मते द्वितीया-तृतीयेची सकाळ सर्वात चांगली: साडेसात-आठला ओहोटी, उजेडही भरपूर.

ओहोटीला खडकांत मुलांना काय दाखवावं?

आधी मुलांना सांगा की धावायचं नाही, बसायचं. एका डबक्याशी दहा मिनिटं बसलं की ते उघडू लागतं.

वरच्या खडकावर, जिथे फक्त तुषार पोचतात, तिथे छोट्या गोगलगायी आणि शंकूच्या आकाराचे पांढरे बार्नेकल चिकटलेले दिसतील. त्याखाली कालवं, त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार, म्हणून जाड तळाच्या चपला किंवा बूट हवेतच. आणखी खाली, पाणी फार वेळ सोडत नाही तिथे, झोअँथिडच्या वसाहतींचा हिरवा-तपकिरी थर असतो. तो शेवाळ नाही, हजारो छोटे प्राणी आहेत, त्यावर पाय देऊ नका. समुद्रफुलं पाण्यात उमललेली असतात आणि सावली पडली की मिटतात. शंखात राहणारे खेकडे, फटीतले भंगुरतारे, कधी रंगीत समुद्री गोगलगाय, आणि नशीब असेल तर रंग बदलणारा लहान ऑक्टोपस.

एक इशारा गांभीर्यानं घ्या. शंकूसारखे नक्षीदार सुंदर शंख जिवंत असताना हातात घेऊ नयेत. कोन जातीच्या गोगलगायी विषारी दंश करतात. पावसाळ्यात वाळूवर निळ्या फुग्यासारखे दिसणारे ब्लू बॉटल येऊन पडतात. त्यांचे धागे मेल्यावरही भाजतात.

शंख-शिंपले घरी आणले तर चालतील?

आणू नका. रिकामा शंख म्हणजे एखाद्या खेकड्याचं पुढचं घर. काही शंख, प्रवाळ आणि समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि बाजारात विकायला ठेवलेलं सगळं कायदेशीर असतंच असं नाही. फोटो काढा.

आम्ही वढवानाला पक्षी पाहतो. इथे वेगळं काय दिसेल?

डभोईजवळचा वढवाना तलाव महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या काळात सिंचनासाठी बांधला गेला आणि २०२१ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. तिथे हजारो बदकं एका नजरेत दिसतात. कातळकिनाऱ्यावर तशी गर्दी नसते. इथे एकेका पक्ष्याची वाट बघावी लागते.

ज्याच्यासाठी मी सगळ्यांना थांबायला सांगतो तो म्हणजे समुद्री गरुड. कोकणात त्याला काकण म्हणतात. पांढरं डोकं आणि पोट, राखाडी पाठ, पाचरीसारखी छोटी शेपटी, आणि पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत जवळपास दोन मीटर. पंख किंचित वर उचलून तो कड्याच्या रेषेनं तरंगत येतो. मासे खातो, आणि समुद्री सापही उचलतो. जोडी वर्षानुवर्षं एकच घरटं वापरते, दर हंगामात त्यावर काटक्या रचते, आणि ते घरटं किनाऱ्याजवळच्या उंच जुन्या झाडावर असतं. असं एक झाड पडलं की एक जोडी उघड्यावर येते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं या गरुडाच्या घरट्यांचा कोकणभर अभ्यास केला आहे. घरट्याखाली गर्दी करू नका आणि ड्रोन तर अजिबात उडवू नका.

बाकी ब्राह्मणी घार रोज दिसेल. हिवाळ्यात कुरव आणि सुरय, लडाख-तिबेटच्या बाजूनं आलेले छोटे चिखले पक्षी, खडकावर एकट्यानं मासे टिपणारा राखी समुद्रबगळा. बहिरी ससाणा कड्यावर बसलेला दिसला तर तो दिवस सोन्याचा.

कासवं कधी आणि कुठे?

ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूवर येऊन अंडी घालतात. खडकाच्या किनाऱ्यावर ते शक्य नाही, म्हणून मधल्या पुळणी मोलाच्या: गावखडी, वेत्ये, माडबन. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त उबदार असेल तर माद्या जास्त होतात, थंड असेल तर नर.

पूर्वी अंडी माणसं आणि कोल्हे नेत. २००२ पासून रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रानं गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षण सुरू केलं आणि ते काम वनविभागाच्या मदतीनं किनाऱ्यावर पसरलं. आज गावोगावचे कासवमित्र पहाटे किनारा चालतात, अंडी कुंपणात हलवतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. तुम्ही जाल तेव्हा त्यांनी आखलेल्या रेषेच्या मागेच उभे राहा. मोबाइलचा दिवा लावू नका. पिल्लं समुद्राच्या उजळ क्षितिजाकडे जातात, दिवा दिसला की उलटी फिरतात.

२०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत कोकणात पहिल्यांदा पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग लावले गेले. त्यांतली वेळासची 'प्रथमा' उत्तरेला गुजरातच्या समुद्रात जाऊन पोचली होती. आणि २०२१ मध्ये ओडिशात खूण केलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत चक्क गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, ही समजूत त्या एका मादीनं हलवली.

डॉल्फिन किंवा देवमासा दिसतो का?

कुबड असलेले हम्पबॅक डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात आणि खाडीच्या तोंडाशी राहतात. हिवाळ्यात वारा पडलेला असताना सकाळी कड्यावरून दुर्बिणीनं पाहिलं तर पाठी वर येताना दिसतात. होडीनं पाठलाग करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

देवमासा किनाऱ्यावरून दिसणं दुर्मीळ. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत एक पिल्लू अडकलं होतं. गावकरी, वनविभाग आणि इतर यंत्रणांनी मोठ्या कष्टानं त्याला समुद्रात ओढून नेलं, तरी ते वाचलं नाही. जायच्या आधी मुलांना कमाटीबागेतल्या संग्रहालयात नेऊन निळ्या देवमाशाचा सांगाडा दाखवा. समोरच्या पाण्यात केवढं जनावर फिरतं याची कल्पना येते.

विश्वामित्रीसारख्या मगरी तिथे आहेत का?

या कातळकिनाऱ्यावर नाहीत. कोकणात मगरी आहेत त्या चिपळूणची वाशिष्ठी, महाडची सावित्री अशा नद्यांत.

सापांची भीती वाटते. किती खरी?

सावध राहावं एवढी खरी. फुरसं हा छोटा विषारी साप रत्नागिरीच्या सड्यांवर पूर्वीपासून भरपूर. एकोणिसाव्या शतकात सरकार त्याला मारण्यासाठी बक्षीस देत असे. तो दगडाखाली, कपारीत असतो आणि बहुतेक रात्री हिंडतो. डिवचला की अंगाच्या वेटोळ्यांचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतो. बूट घाला, कपारीत हात घालू नका, अंधारात टॉर्चशिवाय चालू नका. दंश झालाच तर पाय किंवा हात स्थिर ठेवून थेट सरकारी रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा. चिरा देणं, रक्त चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काही करू नका. फुरशाच्या विषावर प्रतिसर्पविष उपलब्ध आहे, वेळ महत्त्वाची.

वाळूवर चपट्या शेपटीचा साप पडलेला दिसला तर तो समुद्री साप. जाळ्यातून सुटून किंवा थकून आलेला असतो, जमिनीवर त्याला नीट हलता येत नाही. विष जहाल, म्हणून हात लावू नका.

आणखी कोणते प्राणी?

कोल्हे संध्याकाळी सड्यावर दिसतात. बिबट्याचे ठसे, साळिंदराचे काटे मिळतात. खाडीत कांदळवनाच्या कडेनं पाणमांजरं. खवले मांजर अजून आहे, पण चोरट्या शिकारीनं त्याला अगदी काठावर आणलं आहे; कुणी 'दाखवतो' म्हणालं तर जाऊ नका, उलट वनविभागाला कळवा.

रात्री समुद्र निळा चमकतो म्हणतात, ते काय?

नॉक्टिल्युका नावाचे एकपेशीय जीव. हिवाळ्यात त्यांची संख्या वाढली की लाट फुटताना किंवा पाण्यात हात हलवताना निळा प्रकाश उमटतो. चांदणं नसलेली रात्र हवी. हमखास दिसेलच असं नाही.

कातळशिल्पं याच भागात आहेत ना?

हो, आणि ती पाहिल्याशिवाय परत येऊ नका. सपाट जांभ्यावर खोदलेली माणसं, मासे, कासवं, हरणं, वाघ आणि कुणाला अजून न उलगडलेल्या भौमितिक आकृत्या. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस. देवाचे गोठणे इथल्या शिल्पाजवळ होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं, कारण तिथला दगड चुंबकीय आहे. काही ठिकाणी गेंड्यासारखे प्राणी आहेत, जे आज कोकणात नाहीत. म्हणजे हा प्रदेश एके काळी वेगळा होता आणि कुणीतरी त्यातली जनावरं नीट बघून ठेवली होती.

रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पायी हिंडून ही ठिकाणं शोधली. २०२२ मध्ये महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं एक ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. त्यात कशेळी, बारसू, देवाचे गोठणे आहेत. शिल्पावर चढू नका, रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून खडूनं गिरवू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा त्या आपोआप उठून दिसतात.

राहायची आणि जेवायची सोय?

आडिवरे, कशेळी, गावखडी या भागांत घरगुती सोय मिळते. आधी फोन करून जा, शाकाहारी की मासे ते सांगून ठेवा. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीचा हट्ट धरू नका. सड्यावर दुकान नाही, सावली नाही; माणशी दोन लिटर पाणी न्या आणि रिकाम्या बाटल्या परत आणा.

या सगळ्याला धोका कशाचा?

कागदावर सडा म्हणजे पिकाला निरुपयोगी जमीन. त्यामुळे काहीही करायचं असलं की आधी त्याच्याकडेच बोट जातं. चिऱ्याच्या खाणी, यंत्रानं कातळ फोडून बाहेरची माती भरून केलेल्या आमराया, बंगल्यांचे प्लॉट, उन्हाळ्यात लावले जाणारे वणवे. माडबनचा सडा अणुऊर्जा प्रकल्पासाठी निवडला गेला. बारसूचा सडा २०२३ मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणामुळे राज्यभर गाजला.

गावकऱ्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. रत्नागिरीच्या हापूसवर कितीतरी घरं उभी आहेत आणि मुलं मुंबईला जाऊ नयेत असं प्रत्येक आईबापाला वाटतं. पण सड्याच्या मोजणीत झरे, फुलं, पाली, टिटव्या आणि शिल्पं धरलीच जात नाहीत, हे चूक आहे. बाहेरून येणारे आपण निदान एवढं करू शकतो: गावातच राहावं, गावातलाच वाटाड्या घ्यावा, त्याला योग्य पैसे द्यावेत. सडा आहे तसा ठेवण्यातूनही घर चालतं, हे दिसू लागलं तर ते टिकवणारे हात गावातच मिळतील. कोकणातल्या जमिनीचे 'सी व्ह्यू प्लॉट' बडोद्यातही विकले जातात. घेण्याआधी एकदा सप्टेंबरात त्या जागेवर गुडघे टेकून बघा.

जखमी किंवा जाळ्यात अडकलेलं कासव, डॉल्फिन दिसलं तर काय करायचं?

महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा आणि जवळच्या वस्तीत कळवा. कासव जिवंत असेल तर त्याला लगेच पाण्यात ढकलू नका. दमलेलं कासव बुडू शकतं. सावली करा, पाठीवर ओलं कापड टाका, कुत्र्यांना लांब ठेवा. जाळं मानेभोवती किंवा परांभोवती आवळलेलं असेल तर ओढू नका, मदत येईपर्यंत फक्त सुटा भाग कापा. डॉल्फिनच्या डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. प्राणी मेलेला असला तरी कळवा, जागा आणि वेळ सांगा, फोटो पाठवा; कोणत्या किनाऱ्यावर कधी काय मरतंय हे नोंदींतूनच समजतं.